पुरुष, वय ५८, छातीत दुखणे

मरण्याचा मला दांडगा अनुभव आहे. राज्य नाट्य स्पर्धेचं नांदेड केंद्र सुरू झालं की कुसुम सभागृहात कुणी ना कुणी मला मारायचंच. याला संवाद कमी द्या आणि लवकर मारा, यावर आमच्या गावातल्या सगळ्या दिग्दर्शकांचं एकमत होतं. एरवी त्यांचं एकमेकांशी बोलणंही नसे. मी क्षयाने गेलो, फासावर गेलो, दरोडेखोराच्या गोळीने गेलो. एका नाटकात तर पडदा उघडायच्या आधीच गेलेलो होतो आणि अख्खा पहिला अंक पांढऱ्या चादरीखाली काढला. त्या अंकात मला शिंक आली. परीक्षकांनी निकालाच्या वेळी तिचा उल्लेख केला. माझ्या अभिनयाची जाहीर समीक्षा काय ती तेवढीच.

म्हणून लातूरहून भाच्याचा फोन आला, "मामा, तुमच्यासाठी एक रोल आहे, मुख्य भूमिका, बोलायचंही भरपूर," तेव्हा पुढचं वाक्य ऐकायला मी थांबलोच नाही. चपला पायात सरकवल्या आणि भाग्यनगरच्या चहाच्या टपरीवर जाऊन लातूरला शूटिंग असल्याचं जाहीर केलं. हिरॉईन कोण, असं एकाने विचारलं. अजून ठरायचंय, म्हणालो. त्या दिवशी माझ्या चहाचे पैसे दुसऱ्याने दिले.

संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर संहिता आली. वर ठळक अक्षरांत होतं: पुरुष, वय ५८, छातीत दुखणे. हिरॉईन नव्हतीच. पण मी पासष्टी ओलांडलेला आणि रोल अठ्ठावन्नचा, म्हणजे आपण अजून बरेच तरुण दिसतो, एवढ्या एका मुद्द्यावर मी होकार कळवला.

भाचा इमर्जन्सी मेडिसिनचा एमडी आहे. आमच्या खानदानात हे अजून कुणाला नीट उमगलेलं नाही. "हृदयाचा का हाडांचा?" असं पाहुणे विचारतात. "सगळ्याचाच, पण पहिल्या तासापुरता," असं तो सांगतो आणि पाहुण्यांचा चेहरा पडतो. त्याचं लग्न जमवताना माझ्या बहिणीने 'फिजिशियनपैकीच आहे' म्हणून वेळ मारून नेली. तिला तरी काय बोल लावायचा? भारतीय वैद्यक परिषदेने या विषयाला स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता दिली तीच मुळी २००९ साली. अमेरिकेत ती १९७९ मध्ये मिळाली होती. मधली सगळी वर्षं आपल्याकडे कॅज्युअल्टी म्हणजे गावातला सगळ्यात अत्यवस्थ पेशंट आणि कॉलेजातला सगळ्यात नवखा डॉक्टर यांची मध्यरात्री गाठ घालून देण्याची खोली. तिथला खरा अनुभवी माणूस वॉर्डबॉय.

आणि हे कुठे, तर आमच्या भागात! लातूर पॅटर्न सगळ्या महाराष्ट्राला माहीत. नांदेडला डॉक्टर लेन नावाची अख्खी गल्ली. पोरगं दहावी पास झालं की घरातला टीव्ही बंद, पाहुणे बंद, आणि आजीचं भजन हळू आवाजात. डॉक्टर कसं व्हायचं याची तयारी आमच्याकडे चौकाचौकात करून मिळते. झाल्यावर काय, हे मात्र कुणी सांगत नाही. रात्री दोन वाजता जीपमधून फवारणीचं औषध प्यालेला माणूस उतरवतात, तोंडाला फेस, सोबत चाळीस नातेवाईक, त्यातल्या दहाजणांच्या हातात मोबाईलचे कॅमेरे. अशा वेळी आधी कुठे हात घालायचा, याचा क्लास भाचा घेत होता. इंटर्न, ग्रामीण रुग्णालयांतले वैद्यकीय अधिकारी, १०८ च्या रुग्णवाहिकेवरचे डॉक्टर, अशी सगळी मंडळी शिकून झाली होती आणि आता परीक्षा होती. त्या परीक्षेचा पेपर म्हणजे मी.

पूर्वी असले पेपर नसत. परीक्षेला वॉर्डातला खराखुरा पेशंट मिळायचा. भाच्याचे सर सांगायचे की तो महिनाभर त्याच खाटेवर असल्यामुळे त्याला आपला आजार इंग्रजीत पाठ असायचा, आणि परीक्षक पाठमोरे झाले की तो कुजबुजायचा, "डावीकडं नळी लावा, मर्मर तिकडं हाय." असे पेशंट विद्यार्थ्यांत प्राध्यापकांपेक्षा लोकप्रिय असत. हॉवर्ड बॅरोज नावाच्या अमेरिकन मेंदूविकारतज्ज्ञाने १९६३ मध्ये एका धडधाकट बाईला आजाराची लक्षणं शिकवली आणि पेशंट म्हणून विद्यार्थ्यांपुढे आणलं. डॉक्टरकीत नाटक आणलं म्हणून लोकांनी त्याची टिंगल केली. मग १९७५ मध्ये स्कॉटलंडातल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी सगळ्या परीक्षेचेच तुकडे पाडले. ओळीने टेबलं, प्रत्येक टेबलावर एकच काम, मोजकी मिनिटं, घंटी वाजली की पुढचं टेबल, आणि परीक्षकाच्या हातात चेकलिस्ट. स्वतःचं नाव सांगितलं का? मार्क. हात धुतले का? मार्क. हिला ओस्की म्हणतात. २०१९ पासून एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम आला, त्यात असल्या प्रात्यक्षिकांवर भर आला, कॉलेजांत स्किल लॅब आल्या. आणि अशा रीतीने स्पर्धेत चादरीखाली ठेवलेल्या माणसाला अखेर बोलायची संधी आली.

संहिता तशी सोपी होती. पहाटे साडेसहाला पाण्याची बादली उचलताना छातीच्या मधोमध दाबल्यासारखं दुखलं. डाव्या हातात कळ. दरदरून घाम. जुनी शुगर. वडील हार्टनेच गेले. आणि शेवटी कंसात, बारीक अक्षरांत, एक ओळ: 'गेल्या २४ तासांत लैंगिक क्षमतेसाठीची गोळी घेतलेली आहे. स्वतःहून सांगू नये. उमेदवाराने स्पष्ट विचारल्यासच सांगावे.'

मी ती ओळ वाचली. चष्मा पुसला. पुन्हा वाचली. मग कागदाची घडी अशी घातली की ती ओळ आतल्या बाजूला गेली. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. कंसातला मजकूर महत्त्वाचा नसतो, असं मीच मुलांना सांगत आलो होतो.

बाकीची तालीम मात्र कसून केली, तीही एसटीत. नांदेडहून लातूरची गाडी लोहा, अहमदपूर, चाकूर करत जाते आणि माणसाला भूमिकेचा विचार करायला भरपूर वेळ देते. लोह्याच्या पुढे मी छातीवर मूठ धरून जरा कण्हून पाहिलं. झकास जमलं. डोळे मिटून डाव्या हातात कळ उतरवली. डोळे उघडले तर गाडी रस्त्याच्या कडेला थांबलेली आणि सगळी बस माझ्यावर वाकलेली.

"काय होलालंय काका?"

"छातीत दुखलालंय का? लई दुखलालंय का?"

एका बाईने पाण्याची बाटली पुढे केली. दुसरीने पदराच्या गाठीतला ओवा सोडला. मागच्या सीटवरून निदान आलं: गॅस हाय, सोडा पाजा. शेजारच्या म्हाताऱ्याने बंडीच्या खिशातून एक बारकी गोळी काढून माझ्या हातात कोंबली, "जिभंखाली धरा, बोलू नगा." आणि कंडक्टर १०८ लावत होता. आता ही १०८ सेवा महाराष्ट्रात २०१४ च्या जानेवारीत सुरू झाली, ९३७ गाड्यांनिशी, त्यातल्या २३३ गाड्या जास्त गंभीर पेशंटसाठीच्या, आणि प्रत्येक गाडीत डॉक्टर, हे सगळं भाच्याने मला सांगून ठेवलेलं. त्यातली एक गाडी माझी तालीम बघायला माळाकोळीकडे सुटणार आणि नेमकं तेव्हाच तिकडे कुठल्यातरी तांड्यावर एखादी बाई अडणार, या विचाराने मला खराखुरा घाम फुटला. तो बघून ओवावाली बाई रडायला लागली. मग मात्र मी सांगून टाकलं की ही तालीम आहे.

बसमध्ये एकदम शांतता पसरली. कंडक्टरने फोन खिशात टाकला, माझ्या ज्येष्ठ नागरिकाच्या तिकिटाकडे बघितलं आणि म्हणाला, "अर्ध्या तिकिटात पूर्ण नाटक!" अहमदपूरपर्यंत माझ्याशी कुणी बोललं नाही. म्हाताऱ्याने तर गोळीसुद्धा परत मागितली नाही.

कॉलेजचं नाव मी सांगणार नाही; त्यांचा यात काडीचाही दोष नव्हता. भाच्याने मला पडद्याआडच्या खाटेवर झोपवलं आणि बजावलं, "मामा, विचारलं तेवढंच सांगायचं. प्रत्येकाला सारखंच सांगायचं. आणि स्वतःच्या पदरचं काही घालायचं नाही." शेजारच्या खाटेवर एक बाहुली होती, छाती दाबण्याच्या सरावाची. रेसुसी अ‍ॅन तिचं नाव. नॉर्वेतल्या आस्मुंड लेर्डाल नावाच्या खेळणीवाल्याने ती १९६० मध्ये घडवली, आणि तिचा चेहरा म्हणे पॅरिसच्या सीन नदीत सापडलेल्या एका अनोळखी मुलीच्या मुखवट्यावरून घेतलाय. मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब, प्रत्येक दाब पाच ते सहा सेंटीमीटर खोल. कमी पडलं की पडद्यावर कळतं. मीही हात लावून पाहिला. पडद्याच्या मते मी तिला कुरवाळत होतो. भाचा म्हणाला, "हिच्याकडून शिका मामा. सगळ्यांशी सारखं वागते." मला ते लागलं. तिला एकही संवाद नव्हता.

पहिला इंटर्न आला. नमस्कार केला, नाव सांगितलं, हात धुतले. पोरगा गुणी. "काका, कधीपासून दुखतंय?" संहितेत उत्तर होतं: पहाटे साडेसहापासून. पण मला वाटलं, एवढा लांबून आलेलो, भूमिकेला काही पूर्वपीठिका हवी. "सांगतो, बसा," म्हणालो, आणि आमच्या शेताच्या बांधापासून सुरुवात केली. थोरल्या भावाने बांध कोरला, तिथून मनस्ताप सुरू झाला, मग तहसीलचे हेलपाटे. घंटी वाजली तेव्हा मी तलाठ्यापर्यंत पोचलो होतो. त्या पोराला माझ्या छातीबद्दल काहीही कळलं नव्हतं. सातबारा मात्र तोंडपाठ झाला असावा. दहा मिनिटांच्या आत ईसीजी काढायचा असतो, हे भाच्याने मला नंतर सांगितलं, दातओठ खात.

दुसरी इंटर्न राजस्थानातून देशपातळीच्या कोट्यात आलेली. मराठी पुस्तकातून शिकलेली, फार गोड. मी आता बसमधून उचललेली अस्सल भाषा वापरायची ठरवली. "छातीत दुखलालंय, मॅडम." तिने काळजीने माझा सदरा वर केला आणि विचारलं, "कुठे लाल आहे?" मग, "सकाळी काय घेतलं?" "सुशीला," मी खरं ते सांगितलं. भिजवलेल्या मुरमुऱ्यांना आम्ही काय म्हणतो हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिने परीक्षकांकडे पाहिलं, परीक्षकांनी छताकडे पाहिलं.

मग ती आली. आमच्याच गल्लीतली, वकीलसाहेबांची मुलगी. आठवीत माझ्या वर्गात होती. 'ण' आणि 'न' मी तिच्याकडून घोटून घेतलेले. मला बघून चपापली, "सर!" पण लगेच सावरली आणि असं काही चोख काम करायला लागली की माझी छाती खरोखर भरून आली. वेळ विचारली, कळ विचारली, शुगर विचारली, ईसीजी मागितला, अ‍ॅस्पिरिन चावून खायला सांगितली. मग थांबली. पडदा नीट ओढून घेतला, खाली वाकली आणि हळूच म्हणाली, "सर, विचारावं लागतं म्हणून विचारते, राग मानू नका. गेल्या दोन दिवसांत... ताकदीची... तसली काही गोळी घेतली होती का?"

कागदाच्या घडीतली ओळ मला स्पष्ट दिसत होती. पण समोर माझी विद्यार्थिनी होती, पडद्यापलीकडे माझा भाचा, आणि मधे माझी इतक्या वर्षांची गुरुजीगिरी.

"छे! काहीतरीच काय!" मी गरजलो.

तिला हायसं वाटलेलं दिसलं. गुरूंच्या शब्दावर विश्वास ठेवून तिने जिभेखाली सॉर्बिट्रेट द्यायला सांगितलं. पडद्यामागून भाच्याचा थंड आवाज आला, "पेशंटचा वरचा बीपी साठ. पेशंट प्रतिसाद देत नाही." पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. "घेतली होती! घेतली होती!" मी ओरडलो. प्रतिसाद न देणाऱ्या पेशंटने असं ओरडू नये, एवढं मलाही कळायला हवं होतं. घंटी वाजली.

भाच्याने मला कॉरिडॉरमध्ये नेलं. "मामा, तुम्ही एका मिनिटात मेलात."

"ती माझी खासियतच आहे," मी म्हणालो. तो हसला नाही. त्याने समजावलं: सॉर्बिट्रेट रक्तवाहिन्या सैल करतं. ती दुसरी गोळी तो सैलपणा टिकवून धरते. दोन्ही एकत्र आल्या की रक्तदाब विहिरीत सुटलेल्या पोहऱ्यासारखा खाली जातो. म्हणून आदल्या एक-दोन दिवसांत ती घेतलेल्या माणसाला सॉर्बिट्रेट द्यायचं नाही, आणि म्हणून लाज बाजूला ठेवून विचारायचं. वर त्याने असंही सांगितलं की ती गोळी मुळात छातीतल्या कळेवरचं औषध म्हणूनच तपासायला घेतली होती. चाचण्यांत तिचे भलतेच गुण दिसले आणि १९९८ मध्ये ती वेगळ्या कामासाठी बाजारात आली. हे आधी सांगितलं असतं तर मी 'हृदयाचं एक औषध घेतो' असं सभ्यपणे म्हणालो असतो, असं मी त्याला ऐकवलं. मुलीचे मार्क त्याने अर्थातच भरून दिले. चेकलिस्टवर तिने सगळं केलं होतं. नापास पेशंट झाला होता.

पुढच्या उमेदवाराच्या वेळी झाल्या चुकीची भरपाई म्हणून तो पडद्याआड येताच, त्याने नमस्कारही करण्याआधी, मी खणखणीत आवाजात सांगितलं, "मी ती गोळी घेतलेली आहे!" रंगभूमीवरचा आवाज, शेवटच्या रांगेपर्यंत जातो. शेवटच्या रांगेत बाकीचे सगळे उमेदवार आपल्या पाळीची वाट बघत बसले होते. त्यानंतर आत येणारा प्रत्येकजण नाव सांगायच्याही आधी गोळीचंच विचारू लागला. थोडक्यात, पेपर फुटला. २०२४ च्या नीट प्रकरणानंतर लातुरात हे दोन शब्द जपून उच्चारावे लागतात, म्हणून भाच्याने ते उच्चारले नाहीत. त्याने नुसतं कपाळ धरलं.

एकच माणूस असा निघाला की ज्याने गोळीचं विचारलंच नाही. १०८ वरचा डॉक्टर, चाळिशीचा, आयुर्वेदाची पदवी, गाडीवर बरीच वर्षं काढलेला. तो आला, खाटेपाशी उभा राहिला आणि नुसता माझ्याकडे बघत राहिला. मला अस्वस्थ वाटायला लागलं. मग म्हणाला, "काका, सोबत घरचं कोण आहे?" कुणी नाही म्हटल्यावर त्याने सरळ माझ्या सदऱ्याच्या खिशात हात घातला. एसटीचं तिकीट निघालं. इनोची पुडी निघाली. आणि बसमधल्या म्हाताऱ्याची ती बारकी गोळी, जी मी पार विसरलो होतो. त्याने ती उजेडात धरली. "ही सॉर्बिट्रेट. कुणी दिली? यातली एखादी आधीच घेतली का? खोटं बोलू नका, आता बीपी बघतो."

संहितेत हे नव्हतं. मी परीक्षकांकडे बघितलं. परीक्षक, म्हणजे भाचा, चेकलिस्ट वर-खाली चाळत होता, तिच्यातही नव्हतं. "रस्त्यावर लोकं पेशंटला काय काय खाऊ घालतात, साहेब," तो डॉक्टर शांतपणे म्हणाला, "पेशंट सांगत नाही. खिसा सांगतो." भाच्याने पेन काढलं आणि चेकलिस्टच्या तळाला हाताने एक ओळ वाढवली. आमच्या जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर महाडकडे विंचूदंशाच्या पेशंटच्या उशाशी रात्र रात्र बसून काय होतंय ते बघत राहिले, आणि त्या बघण्यातून प्राझोसिनचा उपाय सापडला, हे मी वाचलं होतं. बघणं हेसुद्धा काम असतं, हे नाटकवाल्याच्या लवकर लक्षात येत नाही. त्याला वाटतं, बघायचं ते प्रेक्षकांनी.

जेवायला निलंगा राईस होता. जेवताना भाचा दोघा-तिघांना ट्रायाज समजावत होता: एकदम पन्नास जखमी आले तर कुणाला आधी हात लावायचा. लाल, पिवळा, हिरवा, काळा. जो सगळ्यात मोठ्याने ओरडतोय तो बहुधा हिरवा; गप्प पडलाय त्याच्याकडे आधी धावा. मला किल्लारी आठवली. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छपन्न. आदल्या दिवशीच गणपती बोळवले होते. आम्ही काही शिक्षक नांदेडहून भाकरी आणि धोतरं-लुगडी घेऊन गेलो, आणि मी माझ्या समजुतीने मदत केली, म्हणजे एका फार ओरडणाऱ्या माणसाचा हात धरून बसलो. त्याचा पाय मुरगळला होता. एक तरुण डॉक्टर जाता जाता खेकसला, "गुरुजी, वाटेतून उठा." दहा हजारांच्या आसपास माणसं गेली त्या पहाटे. भाच्याच्या शाखेला देशात मान्यता मिळायला तेव्हा सोळा वर्षं अवकाश होता. मी ताटातला भात चिवडत राहिलो आणि भाच्याने काही विचारलं नाही.

दुपारी माझी पदावनती झाली. पेशंटचा नातेवाईक. "वडील गेले, हे डॉक्टर तुम्हाला सांगतील. ते कसं सांगतात त्याला मार्क आहेत. तुम्ही चिडायचं, पण मापात." या भूमिकेला मला संहिता लागलीच नाही, मराठवाड्यात जन्मलेल्या पुरुषाला नातेवाईक व्हायला तालीम लागत नाही. उमेदवार म्हणाली, "काका, बसता का जरा, मला तुमच्याशी बोलायचंय," आणि मी उसळलो. "कुठाय तो डॉक्टर? आमचा माणूस चालत आला होता!" स्टुलाला लाथ घातली. स्टूल लांब गेलं, आवाज त्याहून लांब.

बाहेरच्या सिक्युरिटी गार्डला आत परीक्षा आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. 'आमचा माणूस चालत आला होता' हे वाक्य मात्र त्याला नोकरीमुळे चांगलं परिचयाचं होतं. तो आत आला, मला दोन्ही बगलांत हात घालून उचललं आणि जिन्याकडे नेता नेता २०१० चा कायदा ऐकवला: डॉक्टरवर किंवा दवाखान्यात हिंसा केली तर तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, आणि मोडलेल्या वस्तूची दुप्पट भरपाई. स्टूल स्टीलचं होतं, असं मी म्हणून पाहिलं. मागे ती शहाणी उमेदवार रिकाम्या खोलीला शांत, समजूतदार आवाजात सांगत होती की आम्ही सगळे प्रयत्न केले. तिला पैकीच्या पैकी मिळाले. समोर मी नसल्याने तिचं काम सोपं झालं, असं भाच्याचं मत.

मी नांदेडला पोचायच्या आधी बातमी पोचली होती. वकीलसाहेबांच्या मुलीने नव्हे. पेशंटचं गुपित बाहेर सांगायचं नसतं, हे ती शिकलेली होती आणि तिने ते पाळलं. भाच्याने आपल्या आईला हसत हसत सांगितलं, आणि माझ्या बहिणीने आमच्या घरी फोन केला, "वहिनी, दादा म्हणे भर हॉलमध्ये ओरडून सांगत होता, ती गोळी घेतली म्हणून!" मी दारात चपला काढत होतो. हिने फोन ठेवला, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला: "कधी?"

टपरीवर मी काही दिवस गेलो नाही. शूटिंगचं काय झालं, असं लोक विचारतात. माझा सीन कापला, असं सांगतो. ते तसं खोटं नाही.

भाच्याचा पुढच्या परीक्षेसाठी परवा निरोप आला. या खेपेला मला बेशुद्धाचा रोल आहे. ग्लासगो कोमा स्केल म्हणून १९७४ पासून एक मोजमाप चालत आलंय. डोळे, बोलणं, हालचाल, तिन्हींचे मिळून जास्तीत जास्त पंधरा गुण. काहीच न करणाऱ्यालाही त्यात तीन मिळतात, तेवढे मिळाले तरी पुरेत, असं त्याने लिहिलंय. मी होकार कळवला आहे.

म्हणजे छातीत दुखणाऱ्याची जागा आता मोकळी आहे. नांदेड-लातूरकडच्या, पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांनी विचार करावा. चहा-नाश्ता मिळतो, सुशीला असते. पाठांतर दोन पानांचं. वेळ विचारली तर घड्याळातली वेळ सांगता यायला हवी, बांधावरचं भांडण नको. आणि लाज फार असेल तर कृपा करून अर्ज करू नये.